रहाट थांबला की

आईचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या घरात मेथी निवडत बसले होते. "अगो, आपल्या वाडीत लायटिंग करतायत," ती म्हणाली. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं आणि मला कळवायचं राहिलं. आमच्याकडे लायटिंग म्हणजे एक तर लग्न, नाही तर गणपती, नाही तर नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचाचं घर. यातलं काहीच नव्हतं. मुंबईची तीन जणं, दोन मुली आणि एक दाढीवाला, नागावच्या एका होमस्टेमध्ये येऊन राहिली होती. त्यांना आमची विहीर आणि तिच्या भोवतीच्या पोफळी यांच्यात रात्रीचे दिवे आणि आवाज लावून लोकांना काहीतरी दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं हे आईला नीट सांगता येईना. "विहीरच दाखवनार म्हनं," ती म्हणाली. "इतकी वर्सं कोनी बघाया आला न्हाय. आता काळोखात दिवं लावून बघनार."

मग तिने फोन त्यांच्यातल्या एका मुलीच्या हातात दिला. मुलगी गोड बोलायची. "ताई, इथला हरवलेला आवाज आम्हाला परत आणायचाय," ती म्हणाली. हरवल्याची तक्रार कुणी केली होती, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने पुढे सांगितलं की तुमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता असं गावात कळलं, त्या रहाटाचा आवाज वाडीत पुन्हा ऐकवायचा बेत आहे, पण विहीर दोन भावांच्या नावावर आहे आणि दोघांचाही होकार हवा. "आजी म्हणतात, ते काम फक्त तुम्हीच करू शकाल."

आजी म्हणजे माझी आई, आणि ते काम म्हणजे माझं लहानपणापासूनचं काम. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, यांच्यात निरोप पोचवणं. मी दहावीत होते तेव्हापासून ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. आता माझी मुलगी नोकरीला लागली आहे, यावरून काय तो अंदाज करावा.

ज्यांनी रहाट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. विहिरीच्या तोंडावर एक मोठं लाकडी चाक उभं असायचं आणि त्यावरून मातीच्या गाडग्यांची माळ खाली पाण्यापर्यंत सोडलेली असायची. शेजारी दुसरं आडवं चाक, दात्यांचं, आणि त्याच्या लांब दांड्याला जुंपलेला रेडा. रेडा गोल फिरला की चाकं फिरत. गाडगी खालून भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत आणि पालथी होऊन पुन्हा खाली जात. पन्हळीतलं पाणी पाटात, पाटातलं पाणी पोफळीच्या आळ्यांत. आमचं गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण आम्ही वाडीवाले समुद्राकडे पाठ करून राहणारी माणसं. समुद्र कोळ्यांचा, विहीर आमची.

रहाट चालायचा पहाटे, ऊन चढायच्या आत. त्याचा आवाज लाकडावर लाकूड घासल्याचा, कुंईऽ कुंईऽ असा लांबलचक, आणि मधेमधे पन्हळीत पाणी पडल्याची धपधप. ज्याने कधी ऐकला नसेल त्याला तो रडका वाटेल. आम्हा पोरांना मात्र पहाटेची खरी साखरझोप त्या आवाजावरच लागायची. जाग यायची ती तो थांबला की.

थांबायचा, कारण रेडा महालबाड. त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधलेली असत, त्यामुळे मागे माणूस आहे की नाही हे त्याला दिसत नसे. शिंपणं करणारा तर वाडीच्या दुसऱ्या टोकाला, एका आळ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडत वाकलेला. रेडा काही फेऱ्या मारून अंदाज घ्यायचा, आणि मागे कुणी नाही अशी खात्री पटली की जागच्या जागी उभा राहायचा. कधी तर चक्क बसायचा. आवाज बंद. मग ज्याच्या कानाला ती शांतता आधी लागेल त्याने, असेल तिथून, ओरडायचं: "हैऽऽ, चाल रे!" आई चुलीपुढून ओरडायची. काकू न्हाणीतून ओरडायची. तापाने फणफणलेला माणूससुद्धा अंथरुणातून ओरडायचा. रेड्याला वाटायचं, धनी मागेच उभा आहे, आणि तो मुकाट चालू लागायचा. पाणी त्या दिवशी कुठल्या घराचं आहे हे हाक मारताना कुणी बघत नसे. एकदा आमच्या वर्गात गुरुजी शिकवता शिकवता ठसका लागून थांबले, तर मागच्या बाकावर डुलक्या काढणारा एक जण झोपेतच "हैऽऽ, चाल रे!" ओरडला. गुरुजीही वाडीवालेच. त्यांनी त्याला मारलं नाही, पाणी प्यायले आणि शिकवू लागले.

या हाकेत काकांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्यांचा आवाज असा खणखणीत की त्यांनी वाडीतून हाक मारली तर खाडीतली होडी मागे वळेल, असं लोक चेष्टेने म्हणत. बाबांचा आवाजही मोठा, पण काकांच्या पुढे तो धाकट्या भावाचाच वाटायचा. दोघं भाऊ सकाळी एकाच पाटावर काम करायचे, एक वरच्या अंगाला, एक खालच्या, आणि पोफळींच्या गर्दीत एकमेकांना न दिसता तासन् तास गप्पा मारायचे. भाताच्या गिरणीपासून गावातल्या सोयरिकींपर्यंत सगळं ओरडून. आमच्या घरात गुपित असं काही नव्हतंच.

मग पंप आला. आला म्हणजे बाबांनी आणला. काकांना तो नको होता. ते म्हणायचे, रहाट ओढतो तेवढंच विहीर देते, तिला दम खाऊ द्यावा. बाबांना ते जुनाट वाटलं. त्या उन्हाळ्यात पंपाने विहिरीचा तळ दाखवला आणि खालच्या अंगाला काकांनी नुकती लावलेली पोफळीची रोपं पाण्यावाचून गेली. काका विहिरीवर आले, बाबांना काही बोलले. बाबांनाही स्वतःची चूक कळली असावी, कारण चूक कळली की ते जास्त ओरडतात. चार माणसांसमोर ते काकांना म्हणाले, "रेड्यामागं फिरून फिरून तुझी अक्कलपन गोल झालीय." लोक हसले. काकांनी रेड्याचं जू सोडलं, त्याला घेऊन घरी गेले, आणि त्या दिवसापासून बाबांशी बोलायचे थांबले. पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःची बोअरिंग मारली. रहाट तसाच उभा राहिला आणि हळूहळू वाळवीने खाल्ला.

घरोघरी मातीच्या चुली, हे मला मान्य आहे. पण आमच्या चुलीचं सरपण वाहायचं काम माझ्याकडे आलं. काकांचा मुलगा माझ्यापेक्षा लहान आणि विसरभोळा, त्यामुळे इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे मीच न्यायचे. "तुझ्या बापाला सांग, फनस उतरवून न्या, कावळं खातायत." "तुझ्या काकाला सांग, लाइटीचा मानूस येनार हाय." मी ते निरोप जाता जाता धुऊन पुसून घ्यायचे. काका म्हणाले असतील, "त्याला म्हनावं, कुंपन नीट घाल, तुझी गाय माझी केळी खाते," तर मी बाबांना सांगायचे, "काका विचारत होते, कुंपणाला मदत हवी का?" बाबा चक्रावून माझ्याकडे बघत राहायचे. माझ्या लग्नात काकांनी मांडवाच्या बांबूपासून पंगतीच्या पत्रावळींपर्यंत सगळं केलं. बाबांशी मात्र एक अक्षर नाही. दोघांनी दोन बाजूंनी अक्षता टाकल्या.

आणखी एक गोष्ट होती. ती मी मोठी झाल्यावर माझ्या ध्यानात आली. दोघांच्या घरांमध्ये एक मेंदीचं कुंपण. काका कुणाशी तरी बोलत असले आणि बाबा कुंपणाजवळ आले की काका वाक्य अर्धवट टाकून गप्प व्हायचे. बाबाही तेच करायचे. त्यामुळे इतकी वर्षं त्या दोघांनी एकमेकांचं जे काही ऐकलं ते फक्त गप्प होणं.

तर आईच्या त्या फोनच्या आधी आठ-पंधरा दिवस चुलतभावाचा पुण्याहून फोन आला होता. काकू गेल्यापासून काका एकटेच होते, गुडघे काम देत नव्हते. संक्रांत झाली की तो त्यांना कायमचा पुण्याला नेणार होता. घर होमस्टेवाल्याला चालवायला द्यायचं ठरलं होतं. काका एकदा पुण्याच्या चौथ्या मजल्यावर गेले की पुन्हा वाडीत येणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. बाबांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊंदे. बरा होईल तिकडं." आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं आईने मला नंतर सांगितलं.

मला एवढंच हवं होतं की त्याआधी त्यांनी एकदा बोलावं. काय बोलावं, कुणी माफी मागावी, यात मला पडायचं नव्हतं. नुसतं बोलावं. मी बाबांना तसं स्पष्ट म्हटलंही. ते म्हणाले, "आता बोलाया काय उरलाय?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

होकार मिळवायला मात्र मला फार वेळ लागला नाही. मी काकांना फोन करून सांगितलं की बाबा हो म्हणाले, आणि बाबांना सांगितलं की काका हो म्हणाले. जुनी सवय. दोघंही म्हणाले, मग माझा काय जातोय!

शनिवारी मी गावी गेले. वाडी ओळखू येत नव्हती. पोफळींच्या खोडांना काळे स्पीकर बांधलेले, जमिनीवरून वायरी गेलेल्या, आणि विहिरीवर बांबूचं एक चाक. त्यावरून खरोखरची मातीची गाडगी दोरीने खाली सोडली होती आणि प्रत्येक गाडग्यात एक दिवा. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येईल म्हनतात," ती म्हणाली. "यांच्या पोहऱ्यात दिवं आलेत." गोड बोलणाऱ्या मुलीने सांगितलं की रहाटाचा आवाज त्यांनी श्रीवर्धनकडे एका वाडीत जाऊन टिपून आणला आहे, तिथे एका म्हाताऱ्याने हौस म्हणून अजून चालता ठेवलाय.

बाबा यायला तयार नव्हते. "दिवं बघाया मी काय ल्हान पोर हाय?" मी समजावत बसले, आई समजावत बसली नाही. "चला उठा," ती म्हणाली, "न्हायतरी टीव्हीपुढं डुलक्याच काढता." बाबांनी कुरकुरत इस्त्रीचा शर्ट घातला, त्यावर स्वेटर, त्यावर माकडटोपी. थंडी होतीच. पण इस्त्रीचा शर्ट थंडीसाठी नव्हता.

साडेसातला वाडीत ही गर्दी. अर्धी नागावच्या किनाऱ्यावरून आलेली, हाफ पॅन्टी आणि मोबाइल. अर्धी गावची, शाली गुंडाळून, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायला. म्हाताऱ्यांसाठी विहिरीभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काका आधीच येऊन बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, डोक्यावर तसलीच माकडटोपी. मी बाबांना त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे न्यायला लागले, तर बाबांनी हात सोडवून घेतला आणि सगळा फेरा घालून अगदी समोरची खुर्ची धरली. दोघांच्या मधे विहीर. मी आणि आई बाबांच्या मागे उभ्या राहिलो. मला खरं तर राग आला होता.

सगळे दिवे गेले. आपल्या वाडीतला काळोख इतका दाट असतो हे मी पनवेलला राहून विसरले होते. मग पाटाच्या जागी निळसर उजेडाची एक रेघ हळूहळू सरकू लागली. पहिल्या आळ्यापाशी थांबली, आळं उजेडाने भरलं, मग पुढच्याकडे गेली. बाबा हलक्या आवाजात पुटपुटले, "पानी चढावर चाललाय." आईने त्यांच्या खांद्याला चिमटा काढला. स्पीकरमधून झावळ्यांची सळसळ आली, लांबून समुद्र आला, जमिनीवर नारळ पडल्याचा दणका आला तेव्हा गावच्या सगळ्या माणसांनी माना वर केल्या आणि पाहुण्यांनी केल्या नाहीत. एका कोळणीची "बोंबील घ्या गो, ताजं बोंबील" अशी हाक एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात वाडीभर फिरली.

आणि मग रहाट सुरू झाला.

कुंईऽ. कुंईऽ. मधे पाण्याची धपधप. बांबूचं चाक फिरू लागलं, गाडग्यांतले दिवे एकामागून एक खाली विहिरीत उतरू लागले आणि दुसऱ्या बाजूने वर येऊ लागले. विहिरीच्या आतल्या भिंतीवरचं शेवाळ हिरवं दिसायचं, मग काळं, मग पुन्हा हिरवं. मी नाटकी बाई नाही. पण मला एकदम आमच्या माजघरातली गोधडी आठवली, तिच्यातला धुराचा वास आठवला, बाहेर बाबा आणि काका ओरडून बोलतायत आणि आपल्याला अजून उठायचं नाही हे सुख आठवलं. ते सुख पुन्हा कधी मिळालं नाही. नवऱ्याच्या घरी नाही, स्वतःच्या घरीही नाही. इतका वेळ मनात मी त्या तीन जणांची टिंगल करत होते, ती थांबली.

आणि रहाट थांबला. दिवेही गेले.

ते मुद्दाम केलेलं होतं. सगळ्या गावातले रहाट ज्या दिवशी कायमचे थांबले त्या शांततेत प्रेक्षकांना थोडा वेळ उभं करायचं, असा त्यांचा विचार होता. मुलीने सुरुवातीच्या भाषणात तो सांगितलाही होता. पण भाषण ऐकतं कोण? पाहुणे श्वास रोखून उभे होते.

"हैऽऽ, चाल रे!"

हे माझ्या पुढ्यातून, बाबांच्या खुर्चीतून. आणि त्याच क्षणी विहिरीच्या पलीकडून, "हैऽऽ, चाल!" अर्ध्या श्वासाने मागून माझ्या शेजारी आईसुद्धा ओरडली. माझ्याही तोंडात आलं होतं, ते मी गिळलं. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, तरी काळोख होताच. मग पलीकडून काकांचा आवाज आला.

"बसला काय रे?"

हे कुणाला विचारलं होतं, यात शंका नव्हती. बाबा म्हणाले, "बसला असंल. लबाड हाय तो."

"थांब. बघतो मी."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, काठी टेकल्याचा झाला. काका खरोखर उठले होते. "नको नको, दादा," बाबा म्हणाले. "काळोख हाय. पाय घसरंल तुझा."

दादा! हा शब्द बाबांच्या तोंडून मी दहावीनंतर ऐकला नव्हता. निरोपांत सुद्धा ते "तुझा काका" म्हणायचे. माझा हात आईच्या हातात गेला, की तिचा माझ्या, ते आठवत नाही.

दिवे लागले. काका अर्धवट उठलेले, बाबा खुर्चीच्या कडेला पुढे वाकलेले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनी माना खाली घातल्या. काका बसले. कार्यक्रम पुढे चालू राहिला, पण मला त्यातलं काही सांगता येणार नाही.

परत येताना मी मोबाइलचा उजेड बाबांच्या पायांपुढे धरून चालत होते. कुंपणापाशी ते थांबले.

"आवाज म्हातारा झाला गो दादाचा," ते म्हणाले.

काकांचे केस पिकलेले त्यांनी रोज पाहिले होते. पाठ वाकलेली पाहिली होती, काठी आलेली पाहिली होती. पण त्यांच्या कानात आवाज राहिला होता तो त्या उन्हाळ्यातला, होडी मागे वळवणारा. तो कधी म्हातारा झाला हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. इतके निरोप मी पोचवले, आणि हा एक राहिला. मला रडू आलं. आईने विचारलं काय झालं, तर मी डोळ्यात चिलट गेल्याचं सांगितलं. तिने तेही ऐकून घेतलं.

कार्यक्रम आणखी काही रात्री चालणार होता. रविवारी संध्याकाळी मी परत जाणार होते. गेले नाही. बाबा सातलाच तयार होऊन ओटीवर बसलेले. वाडीत गेल्यावर त्यांनी समोरची खुर्ची सोडून बाजूची घेतली. विहीर आता पूर्ण मधे नव्हती, तिचा एक कोपरा मधे होता. रहाट थांबला, दिवे गेले. या वेळी कुणी ओरडलं नाही. मग बाबांचा आवाज आला, एकदम हळू, "दादा, जेवलास?"

"न्हाय अजून. तू?"

"घरी जाऊन."

दिवे लागले. दोघे गप्प. उजेडात बोलायची त्यांना सवयच राहिली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या गोड बोलणाऱ्या मुलीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तो काळोख थोडा लांबवता येईल का, असं विचारलं. ती म्हणाली, ताई, आम्ही मोजूनमापून ठेवलाय तो, याहून जास्त शांतता प्रेक्षकांना सोसत नाही. मी म्हटलं, बाई, आमच्या घराने ती किती सोसली आहे, तुझ्या प्रेक्षकांना दोन घोट जास्त पाज, मरत नाहीत. ती हसली. दुसऱ्या दिवशी काळोख लांबला होता. त्यात काकांनी पुण्याच्या घराबद्दल सांगितलं, लिफ्ट आहे म्हणाले, पण खिडकीतून नुसती दुसरी खिडकी दिसते. बाबा म्हणाले, मग काय बघशील दिवसभर? काका म्हणाले, खिडकी.

शेवटच्या रात्री बाबा कुणी न सांगता काकांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी मागे. रहाट थांबला, काळोख झाला, आणि दोघे बोलू लागले. गुडघ्यांवर, तेलावर, गावात कोण गेलं आणि कोण राहिलं यावर. मी नुसती उभी होते. पुन्हा गोधडीत असल्यासारखं वाटत होतं. मग दिवे लागले, आणि मी वाट बघत राहिले की आता गप्प होतील. ते झाले नाहीत. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चाक फिरत होतं, दिव्यांची गाडगी वर येत होती, उजेड दोघांच्या तोंडांवर पडत होता आणि बाबा काकांकडे तोंड करून बोलत होते.

"दादा," ते म्हणाले, "त्या उन्हाळ्यात मी तुना जो बोललो, चार मानसांत..."

"शूऽऽ!" मागून एक पाहुणा म्हणाला. "आजोबा, जरा शांत बसा ना. आवाज ऐकू द्या लोकांना."

बाबा तिथेच थांबले. थांबायचा त्यांना सराव होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळून त्या माणसाला म्हटलं, "तुम्ही गप्प बसा हो. इथे ऐकण्यासारखं जे आहे ते ते दोघंच बोलतायत." तो बिचारा वरमला, बायकोला घेऊन दुसऱ्या झाडाखाली गेला. पण बाबांची मान खाली गेली होती. ते आता काही बोलणार नाहीत, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. संक्रांत दोन आठवड्यांवर आली होती. मी मनात त्या माणसाला, त्या दिव्यांना, सगळ्यांना शिव्या घातल्या.

काकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि मोकळा झालेला हात बाबांच्या गुडघ्यावर ठेवला.

"तू बोल," ते म्हणाले. "मना ऐकाचा हाय."